खायचं मागून, लावायचं चोरून

आमच्या घरमालकिणीच्या परसात एखादी चोरी झाल्याशिवाय आठवडा गेला, की तिला चैन पडत नसे. "काय गल्ली हाये वं ही," ती मला म्हणायची, "मिरचीचे रोपं हातहात वाढले, अन एकाही बाईनं उपटून नेले नाईत. मेल्या काय साऱ्या?"

मी एस.टी.त कंडक्टर. मंगरूळपीर डेपोला बदली होऊन आले तेव्हा स्टँडमागच्या गल्लीत तिच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. खोलीच्या दारापासून पार कुंपणापर्यंत तिचं परस. पहिल्या दिवशी सामान घेऊन आत शिरले तर वाफ्यात कोणीतरी ओणवं होतं. अंगात पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायात टायरच्या चपला. मी हाक मारली, "काका, घरमालकीण कुठं आहेत?" काका उभे राहिले तर शर्टाखाली लुगडं. ती इतकी हसली, इतकी हसली की शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या. शर्ट तिच्या वारलेल्या नवऱ्याचा होता. "जिता होता तवा परसात पाय नाई ठेवला त्यानं," ती म्हणाली, "आता रोज आनतो मी त्याले." सगळी गल्ली तिला मोठीमाय म्हणायची, मीही म्हणू लागले.

दुसऱ्याच दिवशी मी चूक केली. तिचा पुदिना बघून जीव गेला, म्हणून म्हटलं, "मोठीमाय, पुदिन्याची एक काडी द्या न."

"चटनी करायची हाये का लावायचा हाये?"

"लावायचा आहे. डब्यात."

तिनं असं पाहिलं, जणू मी तिच्या कानातलं मागितलं. "मंग मांगते कायले? खायाचं मांगून न्यावं, लावायचं चोरून न्यावं. मांगून नेलेलं झाड लागत नाई, बाई. दोन दिवस उभं राह्यते, मंग मान टाकते. आपल्यासाठी कोनी जीव धोक्यात घातला, असं वाटलं पाह्यजे त्याले."

चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं, असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. म्हणतात आणि सोडून देतात. मोठीमायनं त्याचा कायदाच करून टाकला होता. भाजीला काहीही मागा, ओंजळभर द्यायची. पण रोप, काडी, बी, कंद यातलं काही मागितलं, की तिचा चेहरा दगडाचा. मग ती घरातली घासलेली भांडी पुन्हा बाहेर आणायची, मोरीपाशी पाठ करून बसायची आणि गंज-पातेल्यांवर राख घासत मोठमोठ्यानं खडखडाट करायची. तो खडखडाट म्हणजे परवानगी.

मी घाबरत घाबरत पुदिन्याला हात घातला. काडी तुटली. न वळता ती ओरडली, "मुयासगट घे वं, मुयासगट! मी काई पाह्यत नाई, पन मुयासगट घे!"

काम झाल्यावर आभार मानायचे नाहीत, ही दुसरी अट. आभार मानले की चोरी पुसली जाते आणि झाड मरतं. समोरच्या भाभीनं एकदा हळदीचा कंद नेताना सवयीनं "शुक्रिया मौसी" म्हटलं, तर मोठीमायनं तिला कंद जागेवर ठेवायला लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चोरायला बोलावलं. आता हे सगळं शास्त्राला धरून होतं असं मी म्हणत नाही. माझ्या पुदिन्याला कोणी सांगितलं होतं की तो चोरीचा आहे? पण असा माजला मेला, की मला दुसरा डबा शोधावा लागला.

तिची बाकीची मतंही याच जातीची. कोवळ्या दोडक्याकडे, काकडीकडे बोट दाखवायचं नाही, कुजते. दाखवायचीच असेल तर कोपरानं दाखवायची. त्यामुळे आम्ही दोघी परसात उभ्या राहून बोलत असलो, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं यांच्या अंगात आलंय. बी घरात साठवायचं नाही, ही आणखी एक तऱ्हा. जगातल्या बाया राखेत घोळून, डब्यात भरून बी ठेवतात. ही म्हणायची, "बी घरात ठेवलं की त्याले घर आवडते. मंग मातीत जायले आळस करते." तिचं बी एक तर वेलावर, नाहीतर मातीत. मधला मुक्काम नाही.

लिंबाचं झाड दोन वर्षं नुसतंच हिरवंगार, लिंबू एक नाही. एक दिवस मी ड्यूटीवर निघाले होते, तर हिनं मला परसात ओढलं. हातात कुऱ्हाड. झाडासमोर उभी राहून म्हणाली, "तोडतोच आता याले. खाते पिते, देत काईच नाई." आणि मला ढोसलं, "बोल न! म्हन, या वक्ती सोडा, मी जामीन राह्यतो." मी म्हटलं, माझी बस सुटेल. "थ्या खाकीत हायेस म्हनूनच बोलावलं तुले. पोलीस समजीन थो." मग मी खाकी गणवेशात, खांद्याला तिकिटाची बॅग लावून, लिंबाच्या झाडाला जामीन राहिले. त्या साली लिंबं लागली. हसू नका, खरंच लागली.

उन्हाळ्यात नळ दिवसाआड यायचा आणि तोही रडत. मोठीमायनं माझ्या मोरीचं पाणी थेट धोप्याच्या वाफ्यात सोडलं होतं. धोपा म्हणजे अळू. त्यामुळे मी कधी आंघोळीला कंटाळा केला, की ती भर गल्लीत विचारायची, "काहून वं, आज आंघोय नाई केली? धोप्याचे पानं मलूल झाले." माझी अब्रू त्या पानांच्या हाती होती. हिवाळ्यात मेथी, पालक, वांगी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीवाल्यांनी उगीच गैरसमज करून घेऊ नये. बसमध्ये "पुढं सरका, पुढं सरका" करून माझा घसा बसला, की ओव्याची पानं मीठ लावून हातावर ठेवायची आणि समोर उभी राहून चावायला लावायची.

पण तिचं परस खरं बहरायचं पावसाळ्यात, आणि परक्या माणसाला ते दिसायचंच नाही. तरोटा, केना, घोळ, पाथरी, सगळं आपोआप आलेलं. बघणाऱ्याला वाटावं गवत माजलंय. ती मात्र एकेक पान खुडून त्याची अशी भाजी करायची की मी भाकरीवर भाकरी हाणायची. "जे लावलं थे लेकरू," ती म्हणायची, "जे आपल्यानं आलं थे पाहुनं. पाहुन्याले कोनी उपटते का?"

आता तिच्या लेकराचं सांगते. एकुलता मुलगा, रिसोडला त्याचं कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, पंप. दिसायला चांगला धिप्पाड, पोट सुटलेला, मिशीवाला माणूस, आईपुढे मांजर. त्याच्या दुकानातली एक पुडी तिनं कधी परसात येऊ दिली नाही. "साऱ्या तालुक्याले बी इकते माहं पोट्टं, अन त्याच्या घरी ताजी भाजी नाई," असं म्हणत माझी रिसोडची ड्यूटी असली की ती एक पिशवी भरून आणायची आणि माझ्या सीटवर ठेवायची. रिसोडच्या स्टँडवर तो वाट पाहत उभा असायचा. पिशवी हातात आली की आधी तोंड आत घालून वास घ्यायचा. भरल्या स्टँडवर! मग मला म्हणायचा, "ताई, मायले सांगजा, या वक्ती वालाच्या शेंगा कमी आल्या."

हा वाल म्हणजे तिच्या जिवाचा तुकडा. परसाच्या मधोमध मांडव, त्यावर जांभळ्या शिरेच्या चपट्या शेंगा. बाकी सगळं गल्लीनं चोरून नेलं होतं. वाल कोणी नेत नसे, कारण त्याला मांडवापुरती जागा लागते आणि तेवढी जागा गल्लीत दोनच घरांत. एक तिचं. दुसरं गल्लीच्या टोकाच्या रिटायर हवालदाराचं.

या हवालदाराशी तिचं बोलणं नव्हतं. त्यांनी कधीकाळी येऊन सरळ वालाचं बी मागितलं होतं. ही लगेच भांडी घेऊन पाठमोरी बसली. हवालदार चिडले. "म्हनजे मी चोरी करू? मी? सारी जिंदगी चोर धरन्यात गेली माही!" ही म्हणाली, "मंग राहू द्या." झालं, तेव्हापासून तोंडाला तोंड नाही. पण हवालदारीणबाई साध्या नव्हत्या. एका दुपारी त्या आल्या, मोठीमाय भांडी घासायला बसली, आणि त्यांनी मूठभर शेंगा पदरात टाकल्या. नवऱ्याला सांगितलं, माहेराहून आणल्या. पुढे हवालदारांच्या दारात हा मोठा मांडव झाला. रिटायर झाल्यावर ते त्याच्याच सावलीत खुर्ची टाकून दिवसभर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सासुरवाडीचा वाल हाये. असा वाल साऱ्या जिल्ह्यात सापडनार नाई." गल्ली तोंडाला पदर लावून हसायची. मोठीमाय शेंगांकडे बघायची, आपली जांभळी शीर ओळखायची, आणि गप्प. ज्यानं नेलं त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याच्या घरचं झाड मरतं. ही तिसरी अट.

एका भादव्यात ती डोळ्याच्या ऑपरेशनला अमरावतीला लेकीकडे गेली. परस ऐन भरात होतं. मी पाणी बघत होते. एका रविवारी मी ड्यूटीवरून आले तर मुलगा येऊन गेल्याचं कळलं. भाभी म्हणाली, "बेटा आया था, पंप लेके. सब साफ करके गया." मला काही कळलं नाही, सगळं तर जागेवर दिसत होतं. मग रोज थोडं थोडं पिवळं पडू लागलं. आधी घोळ, मग केना, मिरच्या, धोपा. मांडवाखालून वर चढत चढत वालही. मी बादल्यांवर बादल्या ओतल्या. तणनाशक मारलेल्याला पाणी घालून काय होतं? सोयाबीनच्या गावात राहून मला हे कळायला नको होतं? पण हात थांबत नव्हते.

तो बिचारा वाईट काय करायला आला होता? आईच्या डोळ्याला पट्टी. परतल्यावर त्या गवतात पाय टाकील आणि एखादं जनावर निघेल, साप डसेल, या धास्तीनं दुकानातलं चांगल्यातलं चांगलं औषध आणून त्यानं मायेनं सगळं धुऊन काढलं होतं. बियाणं विकणाऱ्याला आईची भाजी पिशवीत ओळखता येत होती, जमिनीवर नाही.

ती काळा चष्मा लावून आली, मुलाच्याच गाडीतून. घरात न जाता आधी परसात. उभी राहिली. म्हणाली, "या चष्म्यानं सारं पिवळं दिसून राह्यलं वं." आणि चष्मा काढला. मग पुन्हा लावला. पुन्हा काढला.

मुलगा मागून म्हणाला, "माय, साफ केलं मी तुह्यासाठी. जनावर निघालं असतं तं?"

मला वाटलं आता ही कडाडणार. शिव्या देईल, चप्पल काढेल, तिचं ते कायमचं होतं. तिनं काहीच केलं नाही. "चाय घेऊन जा," एवढंच म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं. त्यानं चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मला त्याचा संतापही आला आणि कीवही आली.

तो गेल्यावर ती मांडवाखाली बसली आणि तेव्हा रडली. बाकीच्याचं काही नाही, म्हणाली, बाकीचं येईल. वाल तिच्या आईचा. लग्न होऊन अनसिंगहून निघाली तेव्हा आईनं सगळ्यांसमोर ओटी भरली, आणि मग पोरीला परसात नेऊन स्वतः वेलाकडे पाठ करून उभी राहिली. "मले वाटलं थे रीत करून राह्यली. मंग दिसलं, खांदे हालून राह्यले होते तिचे. म्या शेंगा तोडल्या अन पयालो. आता माय नाई, थ्या घरी मांडव नाई, अन बी मी घरात ठेवत नाई." मग स्वतःलाच म्हणाली, "मोठी शानी मी."

त्या दिवसापासून रिसोडची पिशवी बंद झाली आणि मुलाशी बोलणंही. त्याआधी रोज फोनवर दोघं भांडायचे, हसायचे. आता फोन आला की "हाव, बरी हाये" आणि ठेवला. तो तरीही स्टँडवर येऊन उभा राहायचा. बस लागली की माझ्या हातांकडे बघायचा. मी मान हलवायची. तो मग उगीच विचारायचा, "गाडी टायमावर आली न, ताई?" आणि जायचा. प्रवाशांवर मी उगाचच खेकसायची त्या दिवसांत.

मी तिला समजवायला गेले. "अहो, चुकून झालं त्याच्याकडून."

"मले समजते. पन तोंड उघडलं की माहं वालच येते तोंडात. कडू बोलन्यापरीस न बोललेलं बरं."

परस मात्र ओसाड राहिलं नाही. परतीच्या पावसानं माती धुऊन निघाली आणि दिवाळीच्या आसपास गल्लीनं आपसात काहीतरी ठरवलं. देऊन ती घेणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत. मग ती नुसती रस्त्यानं निघाली तरी बाया भराभर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. कोणी आकाश बघतंय, कोणी नसलेलं जाळं काढतंय. भाभी चुलीवर दूध ठेवून पाठमोरी उभी राहिली. मोठीमाय हळदीचे कंद निवडत बसली, घाई नाही काही. आत दूध फसाफसा उतू जातंय आणि भाभी भिंतीला सांगतेय, "मैं तो कुछ देखीच नहीं!" अशी सगळी मुलं घरी परत आली. पुदिना तर माझ्या डब्यातून नेला तिनं. मी त्या वेळी मुद्दाम ताट आपटत होते.

उरला वाल. तो फक्त हवालदारांकडे, आणि हवालदार खुर्चीत. माघात शेंगा वाळल्या. हवालदारीणबाईंनी निरोप पाठवला, भर दुपारी मी यांना जेवायला आत घेते, तेवढ्यात काय ते उरका. माझी सुट्टी होती. मला गल्लीत पहाऱ्यावर उभं केलं. कोणी आलं तर खोकायचं. तिनं नवऱ्याचा शर्ट चढवला, पदर खोचला आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरली.

आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. पोलिसातला माणूस, बंदोबस्तात उभ्याउभ्या जेवण उरकायची सवय. मी खोकले, तोवर ते हात धुऊन अंगणात. पाठमोरा शर्ट पाहिला आणि गरजले, "कोन हाये बे? हात वर!"

मोठीमायनं दोन्ही हात वर केले. पदर सुटला. सगळ्या वाळल्या शेंगा सळसळत खाली.

"तुमी?" हवालदार म्हणाले. "या वयात? दिवसाढवळ्या?"

बाया जमल्या. हवालदारीणबाई दारात खांब धरून उभ्या, चेहरा पांढराफटक. मला वाटत होतं, आता मोठीमाय बोलेल. एक वाक्य पुरलं असतं: कोणाचा हो हा वाल? तिनं त्या बाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मांगितलं असतं तं मी देल्लं नसतं का?" हवालदार म्हणाले.

"मांगून लागत नाई," ती म्हणाली, "म्हनून चोरलं."

"मंग चोर ते चोर. ठेवा तथीच. अन पुन्हा या कुंपनात पाय दिसला नाई पाह्यजे."

ती मान खाली घालून घरी आली. शर्ट काढून खुंटीला लावला. मी तणतणत होते, आत्ताच्या आत्ता जाऊन म्हाताऱ्याला त्याची सासुरवाडी दाखवते म्हटलं. तिनं माझा हात घट्ट धरला. "नाव घेतलं तं थोही मांडव वाळीन. राहू दे. दुसऱ्याच्या दारी का होईना, माह्या मायचा वाल जिता हाये." असं म्हणाली खरं, पण त्या दिवशी तिनं परसाला पाणीही घातलं नाही. मी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आमच्या दारात. धुतलेलं धोतर, टोपी, हातात दुपट्ट्यात बांधलेलं गाठोडं. मागे डोक्यावर पदर घेतलेल्या हवालदारीणबाई. डोळे सुजलेले. त्यांना म्हणे अन्न गेलं नाही, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकलं होतं.

"हे घ्या," हवालदार म्हणाले, "तुमचा वाल."

मोठीमाय मागे सरली. जीव त्या गाठोड्यात, पण हात पाठीमागे. "कोनी देल्लेलं मी लावत नाई, हवालदार. मरून जाईन थे."

"मी देऊन नाई राह्यलो. हा मुद्देमाल हाये. चोरीतला माल सापडला, की मूळ मालकाले परत करा लागते. त्यात माही मर्जी नाई अन तुमचीबी नाई."

ती विचारात पडली. मी तिला कितीतरी वर्षं ओळखत होते, पण तिच्या कायद्यापुढे दुसरा कायदा असा उभा राहिलेला पहिल्यांदाच पाहिला. "मंग हे देनं नाई?" तिनं विचारलं.

"बिलकूल नाई."

"अन चोर?"

हवालदारांनी टोपी काढली. "इतके वर्सं माह्या घरात होता. अन मी रोज त्याच्याच हातचं जेवलो."

"बोटं चाटून जेवले," मागून हवालदारीणबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

मोठीमायला हसू फुटलं. हसता हसता तिनं गाठोडं घेतलं, उघडलं, शेंगांवरून बोटं फिरवली आणि तिथेच ओट्यावर बसली. एक शेंग फोडून बिया तळहातावर घेतल्या. मग ती मला म्हणाली, "पाह्य वं. पोरानं जीव लावून मारलं, अन चोरानं चोरून जगवलं. आता कोनावर रागवावं मानसानं?"

मला काय माहीत? मी कंडक्टर. मी म्हटलं, "कोणावर नका रागवू. भाजी खायला मिळाली तर मला चालेल."

तिनं नाक पुसलं आणि उठली. बी घरात न्यायचं नव्हतंच. सरळ परसात गेली. पुढे सगळा उन्हाळा पडलाय, वाल काय आत्ता लावतात का, असं हवालदारही म्हणाले, मीही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मातीत बोटानं खळगे केले, बिया पुरल्या, हात शर्टाला पुसले आणि म्हणाली, "लाव फोन."

"कोणाला?"

"कोनाले म्हनजे? पोट्ट्याले."

मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. "माय?" त्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. मी तिला कोपरानं ढोसलं.

"आयकून राह्यला का?" ती एकदम ओरडली. फोनवर ती नेहमी रिसोडपर्यंत आवाज पोचवायचा म्हणूनच बोलायची. "वाल लावला म्या. मांडव टाका लागते, वरून सावली करा लागते. माह्यानं होत नाई आता. बांबू घेऊन ये."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग तो म्हणाला, "किती लंबे आनू, माय?"

"गाडीच्या टपावर मावतीन तेवढे आन. अन आयक," ती म्हणाली, "पंप तेवढा घरीच ठेवजो."